मास्तरणीची अंघोळ

मास्तर मला कधीच फारसा आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी त्याचे गोडवे गायला बसले आहे असं कोणाला वाटायला नको. घुम्या माणूस. आपण दहा वाक्यं बोलावीत आणि त्याने एक शब्द परत द्यावा. कपडा शिवायला टाकला की 'होईल' म्हणायचा. मंगळवारी होईल का, तर होईल. बुधवारी होईल का, तर तेही होईल. मग आपण मंगळवारी आणि बुधवारी चपला झिजवायच्या. पण त्याने शिवलेला कपडा अंगाला असा बसायचा की तोंडात आलेल्या शिव्या गिळाव्या लागायच्या, आणि मला त्याचाही राग यायचा.

त्याचं दुकान म्हणजे एका लांबट खोलीचा पुढचा अर्धा भाग. मधे जाड हिरवट पडदा. पडद्याच्या अलीकडे मशीन, कापायचं टेबल आणि खिळ्यांना लटकवलेले पुठ्ठ्याचे नमुने. पलीकडे संसार: पलंग, शेगडी, कोपऱ्यात मोरी. मास्तर बायकांचे कपडे शिवायचा, पण एकाही बाईचं माप त्याने जन्मात घेतलं नाही. ते काम त्याच्या बायकोचं. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. गिऱ्हाईक बाई पडद्याआड जायची, मास्तरीण टेप लावायची आणि आतून ओरडायची, "छाती छत्तीस, कंबर एकतीस. थांबा, बाई पोट आत घेऊन उभी आहे, तेहतीस लिहा." मास्तर बाहेर तेहतीस लिहायचा. 'नक्की का' असं त्याने एकदाही विचारलं नाही. तिने सांगितलं, त्याने लिहिलं, कपडा बसला. असं वर्षानुवर्षं चाललं.

मास्तरीण मात्र माझ्या जातकुळीची, तोंडाळ. आमचं छान जमायचं. तिला मूलबाळ नव्हतं, त्यावरून कोणी हळहळायला आलं की ती म्हणायची, "एक आहे की, साठीला आलाय, मशीनवर बसलाय." मास्तर तेव्हा मान खाली घालून हसायचा.

मग एका सकाळी ती मोरीत पडली. उजवी बाजू गेली, जीभ अर्धी गेली. मास्तरची भावजय मदतीला आली, पण मास्तरणीने तिला अंगाला हात लावू दिला नाही. अंघोळीची बादली आली की ती भिंतीकडे तोंड फिरवायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. दोन दिवसांनी भावजय फणकारून निघून गेली आणि मास्तरने बाह्या दुमडल्या. त्यानंतर अकरा वर्षं तिची अंघोळ, तिचं सगळं, त्याने केलं. पाणी किती गरम ते तो कोपर बुडवून बघायचा. वेणीसुद्धा तोच घालायचा. पहिल्या वेण्या वाकड्यातिकड्या, पण हात शिंप्याचा, बसला लवकर. केस पुढे आलेले तिला सहन व्हायचे नाहीत. डाव्या हाताने मागे सारता सारता ती रडकुंडीला यायची, म्हणून तो वेणी मागे घट्ट बांधायचा.

बायकांचं शिवण त्याने बंद केलं. माप कोण घेणार? मी एकदा म्हटलं, "मास्तर, एखादी पोरगी ठेवा टेप लावायला." तो म्हणाला, "तिचंच माप मला कळतं." मग तो उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे, ताडपत्र्या शिवत राहिला. अंगाला बसेल असं त्याने पुन्हा काही शिवलं नाही.

आता मी कोण ते सांगते. मला गल्लीत सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. आमच्यात बाई वारली की तिला बायकांनीच अंघोळ घालायची असते, त्याला गुस्ल म्हणतात, आणि ते काम इथे माझ्याकडे आहे. मी ते सासूकडून शिकले. मौलवींकडे किताबा असतात, माझी किताब म्हणजे माझी सासू. उजव्या बाजूने सुरू करायचं, पाणी एकदा नाहीतर तीनदा नाहीतर पाचदा, पहिल्या पाण्यात बोरीचा पाला, शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या दोन वेण्या करायच्या आणि छातीवर आणून ठेवायच्या. नवऱ्याने तोंड बघावं, पण हात लावू नये. का, ते विचारायची सोय नव्हती. माझ्या सासूला 'का' विचारणारी सून अजून जन्मायची आहे.

मास्तरीण गेली ती सकाळी, उजाडता उजाडता. निरोप आला तशी मी माझ्या दोन बायकांना घेऊन निघाले. दुपारच्या नमाजनंतर जनाजा, म्हणजे तिला कबरस्तानात न्यायचं, असं ठरलं होतं. दुकानाच्या दारात चपलांचा ढीग. आत जमातीचे सदरसाहेब खुर्चीवर बसलेले. ह्यांचं नळांचं आणि पाइपांचं मोठं दुकान आहे. मशिदीचा कारभार, इमामाचा पगार, कबरस्तानाची किल्ली, सगळं त्यांच्या हातात, आणि दुःखाच्या घरातही त्यांचा आवाज गल्ल्यावरचाच असतो. त्यांच्या शेजारी मास्तरचा पुतण्या. हा दिवसभर मोबाईलवर प्रवचनं ऐकतो आणि संध्याकाळी तीच आम्हाला ऐकवतो. मी त्याला मोबाईल मौलाना म्हणते, तोंडावर.

मास्तर पडद्यासमोर उभा होता. गळ्यात टेप तशीच लटकत होती. मी म्हटलं, "मास्तर, बाजूला व्हा. मयताला ताटकळत ठेवू नये."

"पाणी तापलंय," तो म्हणाला. "मीच घालणार."

मला वाटलं, पाणी बादलीत घालणार म्हणतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

सदरसाहेब उठले. "मास्तर, अल्लाहच्या मर्जीपुढे कोणाचं चालतं. पण रीत म्हणून एक आहे. बायकोचा श्वास थांबला की निकाह तुटला. आता तुम्ही तिला परके."

"काल होती माझी बायको?"

"होती की."

"आज पहाटे पाणी पाजलं तेव्हा?"

"होती, मास्तर, पण..."

"आणि आता मी परका."

पुतण्याने मोबाईल पुढे केला. "काका, बघा, ह्यात स्पष्ट सांगितलंय. हराम आहे."

मास्तरने मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या तोंडून मी इतकं बोलणं तोवर कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "तिच्या पाठीला जखमा आहेत, सदरसाहेब. पडून पडून झालेल्या. सकाळ-संध्याकाळ धुवाव्या लागायच्या. तेव्हा परकं कोणी फिरकलं नाही. आपलंही कोणी फिरकलं नाही. आज सगळे जण कोण आपलं आणि कोण परकं ते सांगायला आलात."

मला खरं सांगायचं तर मास्तरचाच राग आला होता. दुःख आम्हालाही होतं, पण नियम तो नियम. मी त्याला पडदा सारून आत ढकललं आणि खालच्या आवाजात झापलं, "काय पोरखेळ लावलाय? मी तुमच्या बायकोची मैत्रीण आहे. माझ्या हातात देताना तुम्हाला काय वाटतंय? मी काय काय बघितलंय ते तुम्हाला माहीत आहे. जळालेल्या बघितल्या, बुडालेल्या बघितल्या. मला कशाची किळस नाही आणि लाज नाही."

"तुम्हाला नाही," मास्तर म्हणाला. "तिला आहे."

मग त्याने सांगितलं. गल्लीत कोणी बाई वारली आणि जनाजा दारावरून गेला की मास्तरीण त्याचा हात पकडायची. बोलता येत नव्हतं धड, पण एवढं ती दरवेळी म्हणायची: तूच. दुसरं कोणी नको. आणि मग रडायची, कारण तिला माहीत होतं की त्याला बाहेर काढतील. तो दरवेळी म्हणायचा, होईल.

मी पलंगाकडे बघितलं. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, केस मागे बांधलेले, डावा हात चादरीबाहेर. तो हात बघून माझं डोकं फिरलं. कोणावर ते कळेना. सदरांवर, सासूवर, की जिने इतकी वर्षं मला शेजारी बसवून गप्पा मारल्या आणि हे एक बोलली नाही तिच्यावर. बाहेर येऊन मी माझ्या दोघींना सांगितलं, "मी परत येईपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही." आणि मशिदीची वाट धरली.

इमामसाहेब मशिदीला लागून असलेल्या खोलीत राहतात, राहायचे. किडकिडीत माणूस, बारीक आवाज, चांगला शिकलेला. खोली जमातीची, पगार जमातीचा, त्यांच्या बायकोचं औषधसुद्धा सदरसाहेबांच्या ओळखीने स्वस्तात येणारं. मी दारातूनच मास्तरचं आणि मास्तरणीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "इमामसाहेब, नवऱ्याने बायकोला गुस्ल घालायचा नाही, हे कोणी सांगितलं?"

"आपल्यात नाही तसं, खाला."

"आपल्यात म्हणजे कोणात? कुराणात लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुराणात ह्या गोष्टीवर थेट काही नाही."

"मग हदीसमध्ये? पैगंबरसाहेबांनी मना केलं होतं?"

माणूस खोटं बोलणार नव्हता, पण खरं बोलायचीही त्याला घाई नव्हती. मी उंबऱ्यावर बैठक मारली. शेवटी ते म्हणाले, "मना केल्याचं नाही. उलट त्यांनी आपल्या बीबीला एकदा म्हटलं होतं, की तू माझ्याआधी गेलीस तर मीच तुला अंघोळ घालीन. आणि त्यांच्या लेकीला तिच्या नवऱ्यानेच गुस्ल दिला असं सांगितलं जातं. त्या वेळी हयात असलेल्या मोठ्या माणसांनी त्याला हरकत घेतली नाही. ह्यावरून दीनचे, म्हणजे धर्माचे, जे चार मोठे इमाम होऊन गेले, त्यांतल्या तिघांच्या वाटेवर हे चालतं."

"आणि चौथे?"

"आपण चौथ्यांच्या वाटेवरचे. आपले बुजुर्ग म्हणतात, ती घराणी वेगळी, ती नाती खास होती, सर्वांना लागू नाही. आणि मग ते ताडून बघतात. बायको असताना तिच्या बहिणीशी लग्न चालत नाही, ती गेली की त्याच दिवशी चालतं, म्हणजे आधीचं नातं संपलं. नातं संपलं म्हणजे हात लावता येत नाही. नवरा गेला तर बायको काही महिने इद्दतीत असते, तेवढ्यात तिला दुसरं लग्न करता येत नाही, तिचं नातं तेवढं शिल्लक राहतं, म्हणून ती त्याला घालू शकते. हेही काही उगाच काढलेलं नाही, खाला. खूप विचार करून काढलंय."

"म्हणजे ती त्याला घालू शकते आणि तो तिला नाही."

"आपल्या वाटेवर, नाही."

"आणि अडचण असली तर दुसऱ्या वाटेवर पाय ठेवता येतो की नाही?"

"येतो," ते फार हळू म्हणाले. "मोठी गरज असेल तर येतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार रस्ते आहेत हे ह्या माणसाला माहीत होतं, आणि आम्हाला त्याने कायम एकच दाखवला होता. एक दाखवला त्याचं काही नाही, पण दुसरे आहेत एवढं तरी बोलायला काय झालं होतं? मी म्हटलं, "तिकडे येऊन हे सांगा."

"सदरसाहेब तिथे आहेत?"

"आहेत."

ते त्यांच्या पुस्तकांच्या फळीकडे बघत राहिले. "खाला, तुम्ही समजून घ्या. माझी नोकरी..."

"मी समजून घेतलं," मी म्हटलं. "आता तुम्ही समजून घ्या. तुम्ही आल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. दुपारच्या नमाजला जनाजा आला नाही तर लोकांना कारण काय सांगायचं ते तुम्ही आणि सदर बघून घ्या." आणि मागे न बघता निघाले. शंभर शिव्या मनात देत होते, त्यांतल्या निम्म्या त्यांना आणि निम्म्या नेमक्या कोणाला ते ठरायचं होतं.

ते आले. मला वाटलं नव्हतं, पण आले. दुकानात शिरले, मास्तरला सलाम केला आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात, मला सांगितलं होतं ते सगळं, एक शब्द न वगळता सांगितलं. आपली वाट काय तेही सांगितलं, बाकीच्यांची काय तेही. शेवटी म्हणाले, "मास्तरांनी ही जबान दिलेली आहे, आणि ह्या बाईंची लाज राखायची आहे. माझ्या मते ही गरज आहे. त्यांनी घालावी."

सदरसाहेबांचा चेहरा लाल झाला. "इमामसाहेब, आमच्या बापजाद्यांपासून हे असं चालत आलंय."

"चालत आलंय, ते मीही नाकारत नाही."

पुतण्याने पुन्हा मोबाईल काढला. त्यात कोणीतरी झकपक माणूस झकपक खोलीत बसून बोट नाचवत होता. इमामसाहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे कोणाकडे शिकले?"

"म्हणजे?"

"ह्यांचे उस्ताद कोण? उस्तादांचे उस्ताद कोण? आपल्याकडे एक गोष्ट सांगायची तर ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून ऐकली, हे वरपर्यंत सांगावं लागतं. मधला एक माणूस जरी खोटा निघाला तरी गोष्ट बाजूला ठेवतात."

"ह्यांना लाखो लोक बघतात," पुतण्या म्हणाला.

"किती बघतात ते मी विचारलं नाही."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. सदरसाहेबांनी ते हसणं स्वतःवर घेतलं. "खाला, पुरे झालं. आत जा आणि तुझं काम कर."

"नाही करत," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या बायका बोलावतो."

"बोलवा. सगळ्या माझ्याच हाताखाली शिकल्यात." मी माझ्या दोघींकडे बघितलं. एक माझ्याहून मोठी, गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर फतकल मारून बसली होती. ती म्हणाली, "मीपण नाही." दुसरीने नुसती मान हलवली. मी इमामसाहेबांना विचारलं, "जाणत्यांचं सगळ्यांचं एकमत झालं की त्याला तुम्ही काय म्हणता?"

"इज्मा," ते म्हणाले. "पण तो आलिमांचा लागतो, खाला. विद्वानांचा."

"मयत धुवायच्या कामात आमच्याइतकं विद्वान इथे कोण बसलंय ते दाखवा."

ते ओठांतल्या ओठांत हसले. सदरसाहेब इमामांना म्हणाले, "तुमचं नंतर बघतो." इमामसाहेब म्हणाले, "बघा. पण जनाजाला उशीर करू नका." सदर बाहेर पडले, त्यांच्यामागे पुतण्या, त्याच्यामागे आणखी चार-पाच जण. चपलांचा ढीग बराच कमी झाला. ह्यांतले दोन जण असे होते की मास्तरने त्यांच्या लेकींच्या लग्नाचे कपडे रात्रंदिवस बसून शिवले होते.

मास्तर ह्या सगळ्यात कापायच्या टेबलाशी उभा होता. त्याने कफनाचं कापड अंथरलं होतं. बाईच्या कफनाला पाच तुकडे लागतात, आणि ते शिवायचे नसतात, नुसते कापायचे. जन्मभर शिवत आलेल्या माणसाला त्यात एक टाकाही घालायचा नव्हता. टेप गळ्यात असून त्याने ती लावली नाही. कात्री सरळ चालवत गेला. मी पुढे सगळे तुकडे तिच्या अंगावर घातले तेव्हा कुठे बोटभर कमी नव्हतं की जास्त नव्हतं.

अंघोळीला मी चादर धरली, आमच्या मोठ्या बाईने पाणी ओतलं, मास्तरने हाताला कापड गुंडाळून तिला धुतलं. त्याने आधी पाण्यात कोपर बुडवलं. मयताला गरम-थंड काय, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गप्प बसले. पाठ धुवायला तिला कुशीवर वळवलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान भिंतीकडे फिरवली आणि मोठ्या बाईलाही फिरवायला लावली. तिच्या पाठीवर काय होतं ते मला आजही माहीत नाही.

शेवटचं कापराचं पाणी झालं. मी सवयीने तिचे केस दोन भागांत केले आणि वेण्या पुढे घ्यायला लागले. मास्तर म्हणाला, "पुढे नको. तिला चालत नाही." त्याने माझ्या हातातून केस घेतले. ओले केस दाट होते, दोनांत मावेनात, म्हणून त्याने तीन वेण्या घातल्या, भराभर, आणि मागे सोडल्या. सासूने शिकवलेलं मोडत होतं, मला धाकधूक वाटली. पण त्या दिवशी इतकं मोडलं होतं की आणखी एकाने काय होणार होतं.

घरी आल्यावर मी माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं, "मी आधी गेले तर अंघोळ तुम्ही घालायची." तो म्हणाला, "मला जमेल? तू मधे मधे चुका काढणार नाहीस ना?" म्हटलं, "काढणार."

दोन महिन्यांनी इमामसाहेबांना काढलं. कारण काय, तर आवाज लहान आहे, मागच्या रांगेला ऐकू जात नाही. इतकी वर्षं मागच्या रांगेला ऐकू जात होतं, एका सकाळी ते मास्तरच्या दुकानात बोलले आणि आवाज लहान झाला. जमातीतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मी सदरसाहेबांच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, मला जे बोलायचं होतं ते बोलून आले. त्याने काही झालं नाही. माझ्या घरचा नळ आजही गळतो, कारण मी त्यांच्या दुकानात पाऊल ठेवत नाही.

इमामसाहेब निघाले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. पुस्तकं पेट्यांत भरून झाली होती, फळी मोकळी. मी म्हटलं, "जाण्याआधी एक सांगा. मी मास्तरणीच्या तीन वेण्या पाठीमागे सोडू दिल्या. माझ्या सासूने दोन शिकवल्या होत्या, छातीवर. चुकलं का?"

ते पेटीला दोरी बांधत होते, ते थांबले. "तीन? मागे? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मास्तरने घातल्या. तिला केस पुढे आवडत नाहीत म्हणून."

ते पेटीवर बसले. म्हणाले, "पैगंबरसाहेबांच्या दुसऱ्या एका लेकीला गुस्ल दिला, त्या वेळी एक बाई होती. तुमचंच काम करणारी. तिने पुढे सांगितलं, की आम्ही तिच्या केसांच्या तीन वेण्या केल्या आणि मागे सोडल्या. विषम वेळा पाणी, उजवीकडून सुरुवात, बोरीचा पाला, शेवटी कापूर, हे सगळं त्या बाईच्या तोंडून आलेलं आहे. मोठमोठे आलिम तिच्याकडे शिकायला जायचे. दोन वेण्या पुढे, हे आपल्या बुजुर्गांचं मत. दोन्ही चालतं."

"म्हणजे मी जे करते ते सगळं एका बाईने सांगितलेलं आहे."

"हो."

"तिने सांगितलं आणि ह्या पुरुषांनी लिहून घेतलं."

"हो. खरं बोलणारी म्हणून तिची ख्याती होती."

माझ्या डोळ्यांसमोर हिरवट पडदा आला, आतून माप सांगणारी मास्तरीण आणि बाहेर लिहून घेणारा मास्तर. मग संताप आला. "आणि हे तुम्ही मला आज सांगता. पेटीला दोरी बांधताना. दोन्ही चालतं, एवढं बोलायला तुमची जीभ झिजत होती?"

"कोणी विचारलं नाही, खाला."

"इथे प्रश्न आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तर विचारणार कुठून?"

त्यांनी मान खाली घातली. चांगला माणूस होता, नोकरी गमावून खरं बोलला होता, आणि तरी मला त्याचा राग आला, तो आजही गेलेला नाही. मी त्यांची एक पेटी उचलून बाहेर आणून दिली आणि सलाम करून निघाले.

तिथून थेट मास्तरकडे. तो कोणाच्या तरी खिडकीचा पडदा शिवत होता. मधला हिरवट पडदा बाजूला सारलेला, पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली. मला वाटलं, आनंदाची बातमी आहे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: ती बाई, त्या तीन वेण्या, लेकीला नवऱ्याने घातलेली अंघोळ, इतक्या जुन्या काळापासून चालत आलेलं. "तुम्ही चुकला नाहीत, मास्तर. काहीच चुकलं नाही."

त्याने मशीन थांबवलं. चाकावर हात ठेवला.

"हे इथे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना नाही. इमामांना होतं."

"मशीद इथून दिसते," तो म्हणाला. मग तो रिकाम्या पलंगाकडे वळला.

"अकरा वर्षं पडून होती ती, खाला. दुखण्याला भ्यायली नाही, मरणाला भ्यायली नाही. शेवटी मला बाहेर काढतील, ह्या एका गोष्टीला भ्यायची. कोणाचाही जनाजा गेला की रात्रभर झोपायची नाही. कोणीतरी यायचं होतं. पडद्याबाहेर उभं राहून, एवढं एक वाक्य सांगून जायचं होतं."

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. खिडकीचा पडदा शिवून झाला, त्याने दुसरा घेतला.